क जीवनसत्त्वाची बाटली आणि आपला उन्हाळा

मागच्या चैत्रातली गोष्ट. धाकट्या जावेकडे कल्याणला चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आंबेडाळ आणि पन्ह्याच्या मदतीला म्हणून मी डोंबिवलीहून सकाळीच निघाले. स्टेशनबाहेर पडले तर ऊन असे, की डोक्यावर पदर घेऊनही टाळू भाजावी. घरी पोचले, हातपाय धुतले आणि कैऱ्या किसायला स्वयंपाकघरात बसले. ओट्यावरच्या खिडकीत, मिठाची बरणी आणि देवाच्या तेलाची बाटली यांच्या मध्ये एक छोटी काचेची बाटली उभी होती. वर रबरी फुग्याची नळी आणि आत कोऱ्या चहासारखे पाणी.

"हे काय गं? टिंक्चर आयोडीन?" मी विचारले.

"वहिनी, अहो ते व्हिटॅमिन सी सीरम आहे! वांगासाठी मागवलंय. फेब्रुवारीत आलं तेव्हा पाण्यासारखं होतं, आता असं झालंय. मुरलं असेल ना?"

मुरायला ते काही लोणचे नव्हे! मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले त्याला आता बरीच वर्षे लोटली, पण एवढे विसरले नव्हते. बाटलीतले क जीवनसत्त्व केव्हाच मेले होते आणि ही बाई रोज सकाळी ते प्रेत गालाला चोळत होती. तसे मी तिला सांगितलेही. पण बाटलीला साडेअकराशे रुपये पडले होते, तेही भिशीतले. "अर्धी बाटली टाकून देऊ, वहिनी?" असे म्हणून तिने ती पुन्हा खिडकीत ठेवली. मीही जास्त ताणले नाही. घर पाहुण्यांनी भरायचे होते.

भगिनींनो, त्या वेळी मी जरा ताणायला हवे होते. पुढे जे झाले ते पुढे सांगतेच. पण तेव्हापासून ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात ज्या ज्या घरी गेले त्या त्या घरी ही बाटली पाहिली. कुणाच्या न्हाणीघरात गिझरखाली, कुणाच्या आरशासमोर पश्चिमेच्या उन्हात, कुणाच्या पर्समध्ये. घेणाऱ्या पुष्कळ आहेत, पण ही वस्तू दुधासारखी नासते हे ठाऊक असणाऱ्या फार थोड्या.

करते तरी काय?

क जीवनसत्त्व आपल्याला नवे नाही. हंगेरीच्या सेंट-ज्योर्जी या शास्त्रज्ञाने १९२८ साली ते वेगळे काढले, पुढे मिरचीच्या जातीतल्या पाप्रिकापासून भरपूर प्रमाणात मिळवले आणि १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक घेतले. आपल्या आज्यांनी मात्र नाव ठाऊक नसताना आवळा आणि पेरू खाऊ घालून ते कधीच आपल्या पोटात घातले होते. प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले. एका मध्यम पेरूत ते सहज निघते.

मग बाटली कशाला? तर खाल्लेले जीवनसत्त्व सगळ्या शरीराला वाटले जाते आणि रक्तात ते एका मर्यादेपलीकडे चढत नाही. गालाच्या वाट्याला येणार ते थोडेच. वरून लावले, आणि ते खरोखर आत शिरले, तर त्वचेतला साठा कितीतरी पटींनी वाढतो. उन्हामुळे त्वचेत जे उपद्रवी कण तयार होतात त्यांचा मार ते स्वतःवर घेते. शिवाय त्वचेचा काळा रंग बनवणाऱ्या रसायनाला तांब्याची गरज असते. क जीवनसत्त्व त्या तांब्याला धरून बसते, म्हणून रंग बनण्याचे काम मंदावते. वांगाच्या डागांवर त्याचा उपयोग होतो तो यामुळे.

किती उपयोग? इथे खरे बोललेले बरे. २००४ मध्ये मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी १६ स्त्रियांवर एक प्रयोग केला. प्रत्येकीच्या एका गालाला क जीवनसत्त्वाचे ५ टक्क्यांचे मलम, दुसऱ्या गालाला डॉक्टर देतात ते हायड्रोक्विनोनचे ४ टक्क्यांचे मलम, असे १६ आठवडे लावले. हायड्रोक्विनोनच्या बाजूला ९३ टक्के स्त्रियांना चांगला गुण आला आणि क जीवनसत्त्वाच्या बाजूला ६२ टक्क्यांना. पण चेहरा लाल होणे, आग होणे हा त्रास हायड्रोक्विनोनने सुमारे ६९ टक्क्यांना झाला, तर क जीवनसत्त्वाने जेमतेम ६ टक्क्यांना. म्हणजे औषध सौम्य, गुण सावकाश आणि त्रास कमी. चार महिने धीर धरणारीलाच ते पावते. आणि गोरे करते का? नाही. उन्हाने जे काळवंडले ते थोडे उतरते. मूळचा वर्ण आईवडिलांनी दिलेला, तो कुठली बाटली बदलत नाही आणि बदलायचे कारणही नाही.

आपल्या हवेत ते टिकत का नाही?

सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून आपण वर लिंबू पिळतो. लिंबातले क जीवनसत्त्व हवेतला प्राणवायू आधी स्वतः घेते, म्हणून फोड वाचते. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. बाटलीचे झाकण उघडले की ते हवेशी भांडायला लागते आणि त्यात खर्ची पडते. पाणी आधी फिकट पिवळे, मग गडद पिवळे, मग तांबूस होते. उजेड आणि उष्णता या कामाला घाई करतात. रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशेब आहे. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा क्रिया साधारण दुपटीने वेग घेतात. वीस अंशांच्या थंड खोलीत जी बाटली चार महिने टिकेल, ती चाळीस अंशांत एका महिन्यात संपली असे समजा.

आणि आपल्याकडचे अंश काय सांगावेत! समुद्राचा वारा दुपारी मुंबईला लवकर मिळतो. ठाण्यापासून पुढे कल्याण-डोंबिवलीपर्यंत पोचता पोचता त्याला उशीर होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. ओट्याजवळ शेगडी चालू असताना तर विचारूच नका.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. शेल्डन पिनेल यांनी या विषयावर बरेच काम केले. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की शुद्ध क जीवनसत्त्व त्वचेत शिरायचे तर पाणी चांगलेच आंबट हवे, म्हणजे पी.एच. ३.५ पेक्षा कमी. प्रमाण २० टक्क्यांच्या वर नेऊन काही लाभ नाही. आणि एकदा आत साठले की निम्मे व्हायला सुमारे चार दिवस लागतात. प्रयोग डुकरांच्या त्वचेवर होता, पण ती आपल्या त्वचेच्या बरीच जवळची धरतात. २००५ मध्ये त्यांच्याच गटाने १५ टक्के क जीवनसत्त्वात १ टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातले. हे फेरुलिक अ‍ॅसिड आपल्या तांदळाच्या कोंड्यातही असते बरं का. त्याने मिश्रण जास्त टिकले आणि उन्हापासूनचे संरक्षण चारपटीचे आठपट झाले. बाजारातल्या पुष्कळ बाटल्यांवर हीच तीन नावे दिसतात, ती या कामामुळे.

त्या 'चार दिवसां'च्या गोष्टीचा आपल्याला फार उपयोग आहे. साठा टिकतो म्हणजे रोज लावलेच पाहिजे असे नाही. वैशाखात घामाच्या धारा लागल्या असताना सकाळी चेहऱ्यावर थर चढवण्यापेक्षा रात्री, पंख्याखाली, एक दिवसाआड लावले तरी चालते. दुकानदार हे सांगणार नाही, कारण बाटली निम्म्या वेगाने संपेल.

बाटली घेताना

आधी हिशेब करू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. चेहऱ्याला चार थेंब पुरतात. म्हणजे ३० मिलिलिटरची बाटली रोज लावून १५० दिवस, पाच महिने चालते. आणि शुद्ध क जीवनसत्त्वाची उघडलेली बाटली आपल्या हवेत, चांगली सांभाळून, दोन-तीन महिने धरा. म्हणजे मोठी बाटली घेतली की निम्मे पैसे पाण्यात. १५ मिलिलिटरची घ्यावी, अडीच महिन्यांत संपते. लहान मिळाली नाही तर दोघी जावांनी किंवा मायलेकींनी एक घ्यावी, मात्र नळी कुणी गालाला टेकवायची नाही. थेंब तळहातावर घ्यायचे.

घरबसल्या मागवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आपल्याकडे येणारी बरीच पार्सले भिवंडीकडच्या गोदामांतून निघतात. वरचा पत्रा तापलेला, पुढे भर दुपारी टेंपो, आणि घरी कुणी नसले तर संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये मुक्काम. ज्या वस्तूला आपण फ्रीजमध्ये जपणार तिची निम्मी तब्येत आधीच गेलेली. म्हणून शुद्ध क जीवनसत्त्वाची खरेदी मी दिवाळीनंतर ते माघापर्यंत करावी म्हणते. उन्हाळ्यात घ्यायचीच तर वातानुकूलित औषधाच्या दुकानातून, तारीख वाचून.

वाचायचे काय? २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचे ते आणि घटकांची यादी हवी. परदेशी माल असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. समोर नारंगी अक्षरांत 'व्हिटॅमिन सी' आणि मागच्या यादीत ते सुगंधाच्याही नंतर, किंवा नुसताच संत्र्याच्या सालीचा अर्क, असे असेल तर ते संत्र्याचे चित्र आपण दोनशे-तीनशे रुपयांना घेतो आहोत असे समजावे. उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात ६ किंवा ३ असा आकडा असतो, तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा. तो थंड देशांच्या हवेचा धरून, आपण त्यातून थोडे वजा करावे. बाटली गडद तपकिरी किंवा अपारदर्शक हवी. नळीपेक्षा पंप बरा, कारण नळी दर वेळी बाहेरची हवा आत नेते. पारदर्शक, देखण्या बाटलीतले शुद्ध क जीवनसत्त्व फुकट मिळाले तरी नको.

आता मुख्य प्रश्न, कुठल्या जातीचे? यादीत 'एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड' असेल तर ते शुद्ध. प्रयोगांचा भक्कम आधार यालाच, पण सगळ्यात नाजूकही हेच. १० टक्क्यांपासून सुरुवात करावी. दुसरी जात म्हणजे त्याची बांधून ठेवलेली रूपे. इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड अशी लांबलचक नावे असतात. ही हवेत जास्त टिकतात, चेहऱ्याला झोंबत नाहीत. पण आत जाऊन त्यांचे शुद्ध जीवनसत्त्व कितपत बनते याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. पिनेल यांच्या प्रयोगात मॅग्नेशियमवाल्या रूपाने साठा वाढला नव्हता. उलट १९९६ मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचेच १० टक्क्यांचे मलम वांगाच्या आणि वयाच्या डागांच्या ३४ रुग्णांना दिले, तेव्हा १९ जणांना चांगला गुण आला.

माझे मत विचाराल तर फाल्गुनापासून नवरात्र संपेपर्यंत बांधलेले रूप, आणि थंडीच्या तीन-चार महिन्यांत हौस असेल तर शुद्ध. नासलेल्या उंची वस्तूपेक्षा टिकलेली मध्यम वस्तू बरी. जिच्या घरी फ्रीजमध्ये तिच्यासाठी कोपरा नाही, तिने शुद्ध बाटलीच्या नादी लागूच नये.

ठेवायचे कुठे, लावायचे कसे?

फ्रीजच्या दारात, डब्यात घालून. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. पावसाळ्यात थंडगार बाटली उघडी ठेवली तर हवेतले पाणी आत ठिबकते, म्हणून थेंब काढले की लगेच झाकण. वीज गेली तर घाबरायचे कारण नाही. फ्रीज उघडला नाही तर तासा-दोन तासांत काही बिघडत नाही. फ्रीज नसलेल्या मैत्रिणीने कपाटात, साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवावी. तिथे उजेड नाही आणि भिंतीची धग पोचत नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहावी. लोणच्याच्या बरणीवर आपण लिहितोच की.

पहिले तीन-चार दिवस कानामागे किंवा कोपराच्या आत लावून पाहावे. मग चेहरा धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा झाल्यावर चार थेंब. ओल्या किंवा घामेजल्या चेहऱ्यावर जास्त झोंबते. मिनिटभर चुणचुण चालेल, पण आग होत राहिली तर धुऊन टाकावे. घामोळे आले असेल तेव्हा नको. भुवया कोरल्या, ब्लीच केले, ओठावरची लव काढली त्या दिवशी तर नकोच. दमट दिवसांत वर आणखी क्रीमचा थर नसला तरी चालतो, नाहीतर घामाने सगळेच डोळ्यांत उतरते. उशीच्या अभ्र्यावर किंवा बोटांवर तांबूस डाग दिसू लागले की ओळखावे, बाटली संपली.

आता घरगुती उपायांविषयी, कारण प्रश्न येणारच. लिंबाची फोड गालावर चोळू नका. लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व शंभर ग्रॅमला जेमतेम ५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याचाही दहावा भाग. आणि लिंबाच्या सालीत-रसात असे एक द्रव्य असते, की ते अंगावर असताना ऊन लागले तर त्वचा भाजून काळे चट्टे पडतात. सरबताला लिंबे पिळून तसेच उन्हात कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईच्या हातावर असे चट्टे मी पाहिले आहेत. दुसरा उपाय म्हणजे चघळायच्या गोळ्या कुटून गुलाबपाण्यात घालणे. त्या गोळ्यांत साखर, रंग, वास असतो आणि पाण्याचा आंबटपणा किती ते कळायला मार्ग नाही. गोळी चघळा, आवळा खा. चेहऱ्याला नको.

उन्हाचे काय?

सीरम लावून दहा वाजता उघड्या डोक्याने भाजीला गेलात तर बाटलीचे पैसे भाजीवालीलाच दिलेले बरे. वांगाचा खरा शत्रू ऊन, आणि क जीवनसत्त्व हा त्यावरचा फक्त मदतनीस. मुख्य काम सनस्क्रीनचे. एस.पी.एफ. ३० किंवा अधिक, आणि पी.ए.ची तीन-चार अधिक चिन्हे असलेले घ्यावे. दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढे तोंडाला-मानेला लागते. आपण वाटाण्याएवढे लावतो. वांग असलेलीने किंचित मातकट रंगाचे घ्यावे. त्यात लोहाचे ऑक्साइड असते. ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते आणि वांगाला तोही वाढवतो. साध्या सनस्क्रीनने ते होत नाही.

घामाने ते दोन तासांत उतरते हे खरे, आणि गर्दीच्या लोकलमध्ये पुन्हा कोण लावत बसणार? तिथे आपला स्कार्फ आणि सनकोट कामाला येतात. स्कूटरवरच्या मुलींना हसणाऱ्यांनी हसावे. सुती, घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ कुठल्याही बाटलीला हार जाणार नाही. खिडकीची जागा मिळाली म्हणून उन्हाकडे तोंड करून बसू नका. काचेतून येणारे ऊनही वांग वाढवते. आणि एक गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. नुसती धगही वांगाला चालत नाही. दुपारी बाराला शेगडीसमोर पोळ्या लाटण्याऐवजी सकाळी थंड वेळात उरकल्या, तर चेहऱ्यालाही बरे. घरातल्या मंडळींना गार पोळी चालत नसेल तर त्यांनी तव्यासमोर उभे राहावे.

जावेचे पुढे काय झाले

तिने ती चहासारखी बाटली ज्येष्ठापर्यंत, शेवटच्या थेंबापर्यंत लावली. गाल चुरचुरायचे, डाग जिथल्या तिथे. तिने त्यातून काढलेला अर्थ असा, की "हे सीरम-बिरम सगळं थोतांड." आणि इथेच घात झाला. श्रावणात एका पार्लरमध्ये तिला बिननावाची पांढरी डबी मिळाली. "आठ दिवसांत फरक." आणि खरेच आठ दिवसांत फरक पडला! चेहरा उजळला, मंगळागौरीला सगळ्यांनी विचारले. मी सुद्धा म्हटले, छान दिसतेस. भाद्रपदात डबी संपली आणि चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. पुन्हा लावली की शांत, सोडली की आग. नवरात्रापर्यंत गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली आणि वांग होते त्याहून गडद झाले.

त्वचेच्या डॉक्टरांनी डबी हातात न घेताच सांगितले की यात स्टेरॉइड असणार. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले आहेत, पण बिननावाच्या डबीला चिठ्ठी कोण विचारतो? काही डब्यांत पाराही असतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या काही स्त्रियांची मूत्रपिंडे अशाच उजळपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने बिघडल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत कळले होते.

ती रात्री नऊला फोन करायची. "वहिनी, आरशात बघवत नाही हो." धाकटा मुलगा तिला विचारायचा, "आई, तुला लागलंय का?" डबी बंद केल्यावर पहिले सहा आठवडे फार वाईट गेले. थंड पाण्याच्या घड्या, साधे पांढरे क्रीम, डॉक्टरांनी दिलेले औषध, बाहेर जाणे बंद. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीला फडके रोडवर येण्याची तिची दर वर्षीची हौस, तीही राहिली. दोन लग्ने तिने टाळली. भाऊजी सुरुवातीला "तुम्हा बायकांना कुणी सांगितलं होतं हे सगळं?" म्हणाले. मग मीच त्यांना विचारले की दुसऱ्या बाळंतपणानंतर "चेहरा किती काळवंडला तुझा" हे आधी कोण म्हणाले होते? त्यानंतर डॉक्टरांकडे दर खेपेला तेच तिला घेऊन जाऊ लागले.

आम्हा डोंबिवलीकरांना सौंदर्यप्रसाधन की औषध हा वाद ऐकून माहीत आहे. पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विकोचा कारखाना आमच्याच गावात, त्यांच्या नावाचे कॉलेजही. त्यांचे हळदीचे क्रीम प्रसाधन मानायचे की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे खटला चालला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिथे प्रश्न कराचा होता. आपल्या दृष्टीने यातली मेख वेगळी. सीरम हे कायद्याने प्रसाधन. रोग बरा करतो असे त्याला म्हणता येत नाही. वांग वाढत असेल, पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर बाटलीआधी डॉक्टर. गरोदरपणी क जीवनसत्त्व लावायला सहसा हरकत नसते, पण त्यासोबत रात्रीचे रेटिनॉल किंवा हायड्रोक्विनोन चालू असेल तर ते आधी बंद करून डॉक्टरांना विचारा. आणि वेष्टनावर परवाना क्रमांक नसलेली वस्तू कुणी विकली तर पावती जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पावतीच देत नसतील तर उत्तर तिथेच मिळाले.

जावेचे गाल आता सावरले आहेत. शिरा पुसट झाल्या, लव गेली. वांग आहे, पण पहिल्यापेक्षा फिकट. माघात डॉक्टरांनीच तिला क जीवनसत्त्वाचे बांधलेले रूप लिहून दिले, १५ मिलिलिटरचे. परवा तिच्याकडे गेले होते. फ्रीज उघडला तर दारात, इडलीच्या पिठाच्या डब्याशेजारी ती बाटली, वर चिकटपट्टी आणि तिच्या अक्षरात तारीख. खिडकीत मिठाची बरणी आणि देवाचे तेल, मधली जागा रिकामी.

ती जुनी तपकिरी बाटली मात्र तिने फेकली नव्हती. काच चांगली, नळी चांगली. गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, उन्हात वाळवून तिने त्यात कडुनिंबाचे तेल भरले आहे. जास्वंदीवर पांढरी कीड पडली की पाण्यात पाच-सहा थेंब आणि साबणाचा चिमूटभर चुरा घालून फवारते. वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'झाडांचे'.